बाइकचा नो क्लेम बोनस आणि घरातली पहिली कार: बुकिंगआधीची तयारी

दसऱ्याला किंवा धनत्रयोदशीला कार दारात यावी असं मनात असेल, तर बडोद्यातली मराठी घरं गणपती उठले की शोरूमच्या चकरा सुरू करतात. मॉडेल, रंग, कर्जाचा हप्ता हे सगळं घरी बसून ठरतं. विम्याचा विषय मात्र डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी काउंटरवर उभ्या उभ्या निघतो, आणि तिथे एक प्रश्न हमखास येतो. बाइकवर पाच वर्षांत एकही क्लेम घेतला नाही, ५० टक्के नो क्लेम बोनस जमलाय, तो कारला लावता येईल ना? भारतात तो लावता येत नाही. एवढं आधी पक्कं करून ठेवा, कारण बाकीची तयारी त्यावरच उभी राहते.

बोनस म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, आणि ती मिळते मालकाला. गाडी विकली तरी तो विकत घेणाऱ्याकडे जात नाही, आपल्याकडेच राहतो. पण वापरायचा तर त्याच वर्गातल्या दुसऱ्या गाडीवर. विम्याच्या हिशेबात दुचाकी हा एक वर्ग, खासगी कार हा दुसरा आणि धंद्याच्या गाड्या तिसरा. बाइकचा बोनस पुढच्या बाइकला किंवा स्कूटरला जातो, कारचा पुढच्या कारला. आपल्यातल्या अनेकांची भावंडं लंडन-लेस्टरला आहेत आणि तिकडे बाइकची वर्षं कारच्या विम्यात धरली असं ती फोनवर सांगतात. त्यांचं चुकत नाही. ब्रिटनमध्ये ते त्या त्या विमा कंपनीच्या मर्जीवर असतं, काही कंपन्या ती वर्षं धरतात, काही धरत नाहीत. इथे ती मुभाच नाही.

आता बाइकची चालू पॉलिसी काढा आणि शेड्यूलचं पान नीट वाचा. तिथे ओन डॅमेज (आपल्या गाडीचं नुकसान) आणि थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे झालेलं दुसऱ्याचं नुकसान) असे दोन भाग दिसतील. बोनसची सूट फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळते. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं, त्यात बोनसने एक रुपया कमी होत नाही. क्लेमशिवाय एक वर्ष गेलं की २० टक्के, सलग दोन वर्षांनी २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५०. त्यापुढे वाढत नाही.

याच पानावर अनेकांना धक्का बसतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. ओन डॅमेज मात्र बहुतेक वेळा पहिल्या एका वर्षापुरताच असतो आणि नंतर दर वर्षी वेगळा घ्यावा लागतो. पोलिसांनी अडवलं तर थर्ड पार्टीचा कागद पुरतो, म्हणून पुष्कळ जण ओन डॅमेज घेतच नाहीत. मग पाच वर्षं क्लेम नाही हे खरं असलं, तरी बोनस जमलेला नसतो. ओन डॅमेजची मुदत संपून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही, तर आधीचा जमलेला बोनसही जातो. तुमच्या बाइकचं यातलं नेमकं काय झालंय ते तारखांसकट बघा.

बोनस कारला जात नाही म्हणून हळहळण्याआधी एक साधा हिशेब करा. समजा तुमच्या बाइकचा ओन डॅमेज प्रीमियम १,००० रुपये आहे. ५० टक्के बोनस म्हणजे वर्षाला ५०० रुपये. कारचा ओन डॅमेज समजा १२,००० रुपये आहे. एक वर्ष क्लेम न घेता काढलं की २० टक्क्यांनी २,४०० वाचतात, पाच वर्षांनी ६,०००. सुटतेय ती रक्कम छोटी आणि पुढे कमवायची ती मोठी. माझ्या मते म्हणूनच कारची ओन डॅमेज पॉलिसी पहिल्या दिवसापासून अखंड ठेवण्याकडे सगळं लक्ष द्यावं. बाइकच्या पाचशे रुपयांसाठी सेल्समनशी हुज्जत घालण्यात काही हाती लागत नाही.

बाइक ठेवायची की विकायची, हेही बुकिंगआधीच ठरवा. ठेवणार असाल तर तिचा बोनस तिच्यावर चालू राहील, तिचं नूतनीकरण वेळेवर करा, बस. विकणार असाल तर काम थोडं जास्त आहे. दरजीपुऱ्याच्या आरटीओत मालकीबदलासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. सही करून देण्याआधी दोन्हींची झेरॉक्स काढून ठेवा. पैसे मिळाल्याची पावती आणि बाइक ताब्यात दिल्याचा तारखेचा कागद घ्या. मग विमा कंपनीला अर्ज करून बोनस राखून ठेवल्याचं पत्र मागा. हे पत्र तीन वर्षं चालतं. उद्या मुलीच्या कॉलेजसाठी स्कूटर तुमच्या नावावर घेतली, तर पूर्ण ५० टक्के तिथे लावता येतील. मुलीच्या नावावर घेतली तर नाही. घेणाऱ्यालाही स्पष्ट सांगा की त्याने १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यायचा आहे आणि तुमच्या बोनसमुळे कमी झालेली रक्कम उरलेल्या मुदतीसाठी त्याला भरावी लागेल. हे न बोलल्यामुळे व्यवहारानंतर कटकटी होतात. बाइक पुण्याच्या किंवा मुंबईच्या पासिंगची असेल आणि इथे विकायची असेल, तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८ आधी मागवा. त्याला वेळ लागतो.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. कारच्या विम्याच्या फॉर्मवर नो क्लेम बोनसचा रकाना असतो. ग्राहक खूश व्हावा म्हणून कोणी तिथे बाइकची टक्केवारी टाकत असेल तर जागच्या जागी थांबवा. ऑनलाइन घेताना स्वतःही तो पर्याय निवडू नका. बोनस सांगितला की ते तुमचं लेखी निवेदन ठरतं, आणि नवी कंपनी आधीच्या कंपनीला पत्र लिहून खात्री करते. माहिती चुकीची निघाली तर ओन डॅमेजचे सगळे लाभ जप्त होऊ शकतात, म्हणजे अपघात झाला तर दुरुस्तीचा लाखाचा खर्च आपल्या खिशातून. फॉर्म कोणीही भरला तरी सही तुमची असते. तो रकाना शून्य आहे हे बघूनच सही करा.

बाइककडून कारकडे खरोखर उपयोगी पडणारी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल काउंटरवर क्वचितच कोणी बोलतं. ती म्हणजे मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. २०१८ च्या शेवटी त्याची रक्कम १५ लाख झाली आणि २०१९ पासून तो स्वतंत्रपणेही घेता येतो. एका माणसाला असा एकच विमा पुरतो, गाड्या कितीही असोत. बाइकच्या पॉलिसीत तो चालू असेल किंवा तुमची १५ लाखांची वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी असेल, तर तिचा नंबर आणि मुदत लिहून न्या, कारसोबत दुसऱ्यांदा पैसे भरू नका. मात्र बाइक विकणार असाल किंवा तो विमा लवकरच संपत असेल, तर कारसोबत घेणंच बरं. त्यासाठी लायसन्स वैध हवं. केवळ दुचाकीचं लायसन्स असेल तर कारचं आधी जोडून घ्या.

जुनी कार घेत असाल तर विकणाऱ्याचा बोनस तुम्हाला मिळणार नाही, मग त्याच्या पॉलिसीवर ५० टक्के छापलेलं का असेना. घरात वडिलांच्या नावावर कार असेल तर तिचा बोनसही ते हयात असेपर्यंत त्यांचाच. ते गेल्यावर मात्र जोडीदाराला किंवा मुलांना तो मिळू शकतो, आणि त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि जुनी पॉलिसी लागते. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, म्हणून फाइल कुठे आहे ते घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.

बडोदेकरांनी ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायची पूरक संरक्षणं, निवडताना विश्वामित्री नदी डोळ्यांसमोर ठेवावी. जुलै २०१९ च्या अखेरीस आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शहरात पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. पुराचं नुकसान ओन डॅमेजमध्ये येतं, फक्त थर्ड पार्टी असेल तर काहीच मिळत नाही. पण पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून बघितली आणि इंजिन गेलं, तर इंजिन प्रोटेक्ट या ॲड-ऑनशिवाय तो खर्च सहसा नाकारला जातो. समा, अकोटा, फतेगंज, वडसर अशा भागांत राहत असाल किंवा तळघरात गाडी लावत असाल, तर हे ॲड-ऑन घ्याच, आणि पाणी उतरल्यावर चावी न फिरवता टोइंग मागवायचं हे घरात सगळ्यांना सांगा. एक क्लेम घेतला की पुढच्या वर्षी बोनस शून्यावर येतो. तो टिकवणारं एनसीबी (नो क्लेम बोनस) प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑनही मिळतं, पण वर्षात किती क्लेम चालतात ते कंपनीगणिक बदलतं, तेव्हा अटी वाचून घ्या. पहिल्या वर्षी टिकवायला बोनसच नसतो, म्हणून ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून घेतलं तरी चालेल. बंपरला ओरखडा गेला तर आधी गॅरेजचा अंदाज घ्या, पुढच्या वर्षी जाणाऱ्या बोनसच्या रकमेशी ताडून बघा आणि मगच क्लेमचा फोन करा.

शोरूमला जाताना एका फाइलमध्ये बाइकची पॉलिसी, आरसी, लायसन्स, अपघात विम्याचा तपशील, आधार आणि पॅन असू द्या. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही, म्हणून तेवढ्याच आयडीव्हीचे (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) आणि त्याच ॲड-ऑनचे दोन-तीन दर बाहेरून काढून न्या. पॉलिसी हातात आली की नाव, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि बोनसचा रकाना तिथेच तपासा. आणि त्याच दिवशी मोबाइलमध्ये पुढच्या वर्षीची एक तारीख टाका, ओन डॅमेज संपण्याच्या पंधरा दिवस आधीची. थर्ड पार्टी तीन वर्षांचा असल्यामुळे कागदावर विमा चालू दिसत राहील, पण कारचे पहिले २० टक्के ओन डॅमेजच्या तारखेवरच मिळतात.