पासवर्ड बरोबर, तरी लिनक्स ऐकत नाही?

लिनक्सवर सिनॅप्टिक (सॉफ्टवेअर बसवायचं टूल) किंवा जीपार्टेड (डिस्कचे भाग पाडायचं टूल) उघडताना पासवर्डची खिडकी आली, की आधी तिथे कोणाचं नाव आहे ते वाचा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. खिडकी रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्ड मागत असते आणि आपण स्वतःचा टाकत बसतो. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात इन्स्टॉल करताना रूटला पासवर्ड दिला असेल, तर आपलं खातं सुडो गटात, म्हणजे स्वतःच्या पासवर्डवर रूटची कामं करू शकणाऱ्यांच्या गटात, जात नाही. तो रकाना रिकामा सोडला तरच जातं. टर्मिनलमध्ये 'ग्रुप्स' (groups) ही आज्ञा देऊन खात्री करा. फेडोरा या दुसऱ्या प्रकारात याच गटाला 'व्हील' म्हणतात. गटात नाव घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा, नाहीतर बदल दिसणारच नाही. (मी हे विसरून एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.)

खिडकीच येत नसेल, तर दुखणं वेगळं. पासवर्ड विचारण्याचं काम पॉलकिटचा (परवानग्या तपासणाऱ्या यंत्रणेचा) एजंट करतो. ग्नोम, केडीई या पूर्ण डेस्कटॉप मांडण्यांत तो आपोआप सुरू होतो. ओपनबॉक्स, आयथ्रीसारख्या हलक्या मांडणीत मात्र तो स्वतः बसवून ऑटोस्टार्टमध्ये टाकावा लागतो. तोवर टूल क्लिक केलं तरी ढिम्म.