नव्या इमारतीचं ईएलव्ही डिझाइन: कॅमेरे नंतर, शाफ्ट आधी

ईएलव्हीचं, म्हणजे एक्स्ट्रा लो व्होल्टेज यंत्रणांचं डिझाइन करायचं म्हटलं की लोक पहिल्यांदा कॅमेऱ्यांचं कोटेशन मागवतात. कुठल्या कंपनीचा, किती मेगापिक्सेलचा, रात्री रंगीत दिसतं का. हे सगळं शेवटी ठरवलं तरी बिघडत नाही. कॅमेरा दोन स्क्रू काढून बदलता येतो. स्लॅब भरताना स्लीव्ह (केबल जायला सोडलेला पाइपचा तुकडा) टाकायची राहिली, तर भोक पाडायला कोअर कटिंगचं मशीन आणि आरसीसी कन्सल्टंटची परवानगी दोन्हींसाठी धावाधाव होते.

ढोबळ व्याख्या अशी: एसी ५० व्होल्ट किंवा डीसी १२० व्होल्टच्या आत चालणाऱ्या यंत्रणा. सीसीटीव्ही, डेटा, व्हिडिओ डोअर फोन, अ‍ॅक्सेस कंट्रोल, फायर अलार्म, बीएमएस (इमारतीच्या यंत्रणांवर नजर ठेवणारी सिस्टिम). पीएची (घोषणांच्या यंत्रणेची) १०० व्होल्टची स्पीकर लाइन या आकड्यात बसत नाही, तरी साइटवर ती याच यादीत धरतात. उदाहरणासाठी खाली पोडियम आणि वर २२ मजले असलेला निवासी टॉवर घेऊ. पुण्या-मुंबईत पुनर्विकासात असे सध्या पुष्कळ उभे राहताहेत.

गरजा आणि पॉइंट

काय काय हवं ते कमिटीकडून किंवा बिल्डरकडून लेखी घ्या आणि आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर पॉइंट मारा. एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे लिफ्टमधला कॅमेरा. लिफ्टची ऑर्डर जातानाच ट्रॅव्हलिंग केबलमध्ये (लिफ्टबरोबर वर-खाली होणाऱ्या केबलमध्ये) डेटाची सोय मागून घ्या. नंतर लिफ्टवाले तुम्हाला त्या केबलला हात लावू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

शाफ्ट आणि अंतर

सुरुवातीला मीही याच टप्प्यावर अडकायचो, म्हणून इथे घाई करू देणार नाही. शाफ्ट म्हणजे केबल मजल्यामजल्यावर नेणारी उभी पोकळी.

आर्किटेक्ट म्हणेल, ‘इलेक्ट्रिकल डक्ट आहे ना, त्यातच घ्या की.’ घेऊ नका. त्या डक्टमधून रायझिंग मेन, म्हणजे मजल्यांना वीज नेणारी मुख्य लाइन जाते. स्वतंत्र शाफ्ट मिळतच नसेल तर समोरासमोरच्या भिंती धरा, ट्रे वेगळे ठेवा, मध्ये किमान ३०० मिमी अंतर सोडा आणि जिथे केबल एकमेकींना ओलांडतात तिथे काटकोनातच ओलांडू द्या. शेजारी प्लंबिंगचा डक्ट आहे का, वर कुणाचं टॉयलेट येतंय का, हेही बघा. गळती सुरू झाली की पाणी नेमकं रॅकवरच, म्हणजे नेटवर्क स्विचच्या कपाटावरच उतरतं.

शाफ्टची रुंदी सगळे बघतात, खोली कुणी मोजत नाही. भिंतीवरचा रॅक साधारण ६०० मिमी खोल असतो. ४५० मिमीच्या शाफ्टमध्ये तो बसवला की दार लागत नाही. मग दार काढून ठेवतात आणि तिथे झाडू-बादल्या येतात. दार कॉमन लॉबीत उघडलं पाहिजे, कुणाच्या फ्लॅटमध्ये नाही.

आता सगळ्या मजल्यांचे प्लॅन एकावर एक ठेवा. बेसमेंटपासून गच्चीपर्यंत शाफ्ट एकाच जागी आहे का? पोडियमला खाली पार्किंग, वर फ्लॅट. कॉलम सरकतात, त्यांचं वजन पेलणारे ट्रान्सफर बीम येतात. वरून सरळ आलेला शाफ्ट तिथे नेमका बीमवर येऊन थांबतो. कागदावर हे दोन मिनिटांत दिसतं, साइटवर दिसतं तेव्हा बीम भरून झालेला असतो.

मग अंतर. तांब्याच्या डेटा केबलची पक्की लांबी ९० मीटर, दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड धरून १००. आपल्या टॉवरमध्ये मजल्याला ३ मीटर धरले तर उभेच ६६ झाले. तळमजल्यावरच्या कंट्रोल रूमपासून शाफ्टपर्यंत पोडियममधून ३० मीटर, म्हणजे सगळ्यात वरच्या लॉबीत पोचायच्या आधीच ९६. यावर कंत्राटदाराचं ठरलेलं उत्तर असतं: ‘साहेब, १२० मीटरपर्यंत चालतं, आम्ही चालवलंय.’ चालतं, दिवसा. कॅमेऱ्याला वीजही याच केबलमधून जाते. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो जास्त करंट ओढतो, लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो. मग कॅमेरा बदला, स्विच बदला, असे खेळ सुरू.

उभ्या मार्गात फायबरच टाका. कंट्रोल रूममधला मुख्य रॅक धरून वर ४, ११ आणि १८व्या मजल्यावर छोटे रॅक ठेवले की प्रत्येकाला वर-खाली तीन-चार मजलेच सांभाळावे लागतात. या रॅकना यूपीएसची लाइन द्या. शेजारच्या लॉबीच्या दिव्यातून घेतलेली फेज मी पास करत नाही. गेटच्या केबिनलाही फायबरच. वळवाच्या विजांमध्ये बाहेरच्या तांब्याच्या केबलवरून आलेला सर्ज स्विचचे पोर्ट जाळतो.

केबल ओढून झाल्या की प्रत्येक स्लॅबचं भोक फायर-रेटेड सीलंटने बंद करा. साधा पीयू फोम चालणार नाही.

केबल आणि पॉवर

केबलचा बॉक्स उघडून कंडक्टर (आतली तार) ब्लेडने खरवडा. आतून पांढरट निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे; सगळा माल परत.

दाराच्या ६०० पाउंडी ईएम लॉकला (वीज असेपर्यंतच धरून ठेवणाऱ्या चुंबकी कुलपाला) १२ व्होल्टवर सुमारे अर्धा अँपिअर लागतो. ०.५ चौरस मिमीची वायर ४० मीटर नेली तर जाऊन-येऊन ८० मीटर, जवळपास ३ ओहम. दीड व्होल्ट वाटेतच गेला आणि लॉक ढिलं पडलं. २४ व्होल्टचं लॉक घ्या, करंट निम्मा होतो.

फायर अलार्म

याच्या केबल, ट्रे, पॅनेल सगळं वेगळं. आयएस २१८९ हे फायर अलार्मचं भारतीय मानक उघडून बसा. आग लागली की दारं सुटली पाहिजेत, आणि ती फायर पॅनेलच्या रिलेने लॉकची पॉवर थेट तोडून. ‘सॉफ्टवेअरमधून करतो’ म्हणणाऱ्याला कॉम्प्युटर बंद करून दार उघडून दाखवायला सांगा. महाराष्ट्रात दर जानेवारी आणि जुलैला फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र) द्यावा लागतो, तेव्हा डिटेक्टरपर्यंत शिडी पोचेल अशीच जागा निवडा.

स्टोरेज

कॅमेऱ्याचं १ एमबीपीएस रेकॉर्डिंग म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. ४० कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस, ३० दिवस: साधारण ५२ टीबी. एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) वापरलं तर बरंच कमी.

ताबा घेताना

प्रत्येक केबलचा टेस्ट रिपोर्ट, दोन्ही टोकांना तोच नंबर आणि अ‍ॅज-बिल्ट (प्रत्यक्ष झालेल्या कामाचं) ड्रॉइंग हातात आल्याशिवाय शेवटचं बिल काढू नका. ड्रॉइंगची एक प्रत लॅमिनेट करून प्रत्येक शाफ्टच्या दाराला आतून लावून घ्या. ऑफिसच्या कपाटातली प्रत कमिटी बदलली की सापडत नाही.