गावात राहून टी-शर्टचा स्वतःचा छोटा ब्रँड कसा उभा करावा

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी किंवा त्याहूनही लहान खेड्यात बसून टी-शर्टचा स्वतःचा ब्रँड चालवणे आज शक्य आहे, कारण कोरा माल पार्सलने येतो, छपाई नागपूर किंवा अमरावतीहून करून घेता येते आणि पैसे यूपीआयवर जमा होतात. अवघड भाग वेगळाच आहे. या धंद्यात भांडवल अडकते ते न खपलेल्या साइजांमध्ये, आणि नाव जाते ते दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात. म्हणून लोगो आणि इन्स्टाग्रामचे पान यांच्याआधी हिशेब आणि कापड या दोन गोष्टी पक्क्या कराव्यात.

आधी हिशेब

समजा, कोरा टी-शर्ट जीएसटी आणि वाहतुकीसह १८० रुपयांना पडला, छपाईला ६० रुपये लागले, गळ्यातले लेबल आणि पिशवी यांना १२ रुपये गेले आणि बिघडणाऱ्या नगांपोटी प्रत्येकी ८ रुपये धरले, तर एक नग २६० रुपयांना तयार होतो. पन्नास नगांना १३,००० रुपये लागतील. विक्रीची किंमत ३९९ रुपये ठेवल्यास कागदावर नगामागे १३९ रुपये सुटतात, आणि हा आकडा पाहूनच अनेक जण शंभर नगांची ऑर्डर देऊन बसतात. प्रत्यक्षात पन्नासपैकी पंधरा टी-शर्ट कपाटात पडून राहिले, तर विकलेल्या पस्तीस नगांचे १३,९६५ रुपये येतात, म्हणजे सगळी धावपळ करून हाती ९६५ रुपये उरतात. त्यातले काही नग कुरिअरने पाठवले असतील आणि भाडे ग्राहकाकडून घेतले नसेल, तर तेवढेही उरत नाहीत. आकडे आपापल्या भावाप्रमाणे बदलावेत, पण ‘किती विकले गेल्यावर मुद्दल सुटते’ हा प्रश्न प्रत्येक डिझाइनला स्वतंत्रपणे विचारावा. वरच्या उदाहरणात मुद्दल तेहतिसाव्या टी-शर्टला सुटते.

या अडचणीवर आगाऊ नोंदणीइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. एक-दोन नमुने तयार करून, ते ओळखीच्या माणसाच्या अंगावर घालून दिवसाच्या उजेडात फोटो काढावेत, व्हॉट्सॲपवर आठ दिवस नोंदणी घ्यावी, निम्मे पैसे आधी घ्यावेत आणि त्यानंतरच माल मागवावा. गावात उधारीची सवय जुनी आहे. तिला पहिल्या ऑर्डरपासूनच नम्रपणे नकार दिला नाही, तर नंतर तो देता येत नाही.

साइज विचारताना ‘एल लागतो की एक्सएल’ असे विचारू नये, कारण प्रत्येक उत्पादकाचा एल वेगळा असतो. ग्राहकाला त्याचाच नीट बसणारा टी-शर्ट जमिनीवर सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेपने मोजायला सांगावे आणि तो आकडा दुप्पट करून आपल्या मालाच्या मापाशी जुळवावा. नोंदणीशिवाय माल भरावाच लागला, तर पन्नास नगांत एस ६, एम १६, एल १६, एक्सएल ९ आणि डबल एक्सएल ३ अशी विभागणी सुरुवातीला पुरेशी आहे. पुढच्या वेळी ती आपल्याच विक्रीच्या वहीवरून ठरवावी.

पहिले गिऱ्हाईक बहुधा एकटे येत नाही, गटाने येते. हळदीला नवरदेवाच्या मित्रांसाठी लागणारे पिवळे टी-शर्ट, गणेश आणि दुर्गा मंडळांचे कार्यकर्ते, हिवाळ्यातल्या टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा, कॉलेजची गॅदरिंग आणि पहाटे रस्त्यावर धावणारी पोलीस भरतीची पोरे ही खरी बाजारपेठ आहे. अशा ऑर्डरींत आपले डिझाइन नसते, म्हणून काही जण त्यांना कमी लेखतात. माझ्या मते गटाच्या ऑर्डरींनीच ब्रँडचा पहिला वर्षभराचा खर्च निघावा, आणि गळ्याच्या आतले लेबल मात्र प्रत्येक नगावर आपलेच असावे.

नवे डिझाइन केव्हा काढायचे, हेही इथल्या शेतीच्या चक्राशी बांधलेले आहे. जून-जुलैत घरातला पैसा बियाणे, खत आणि पेरणीत गेलेला असतो. सोयाबीन आणि कापूस विकला जाऊ लागला की दिवाळीपासून पुढचे दोन-तीन महिने हात थोडा सैल होतो. त्यामुळे स्वतःच्या खर्चाने काढलेले डिझाइन दिवाळीच्या सुमारास बाजारात आणावे आणि पावसाळ्यात फक्त आगाऊ पैसे घेऊन केलेली कामे ठेवावीत. १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि १४ एप्रिलची भीमजयंती यांची कामे मात्र महिनाभर आधी हातात घ्यावी लागतात, कारण ऐन वेळी प्रत्येक छपाईवाला बुडालेला असतो.

कापड

कापसाच्या मुलखात राहून टी-शर्ट तामिळनाडूतल्या तिरुपूरहून मागवावा लागतो, हे अनेकांना खटकते आणि ते स्वाभाविक आहे. परंतु गावाजवळच्या जिनिंगमध्ये सरकीपासून रुई वेगळी होते तिथे कापसाचा प्रवास जेमतेम सुरू होतो. त्यापुढे सूतकताई, होजिअरीचे विणकाम, रंगाई आणि कापड आवळून स्थिर करण्याची प्रक्रिया असते, आणि या सगळ्यांची दाट साखळी तिरुपुरात आहे. म्हणून टी-शर्टवर ‘विदर्भाच्या कापसापासून’ असे छापण्याचा मोह टाळावा. सूत कुठले, हे कागदावर दाखवता येत असेल तरच तसे लिहावे.

माल मागवताना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन: रोजच्या वापराच्या टी-शर्टला १६० ते १८० ठीक असते, ढगळ्या ओव्हरसाइज प्रकारासाठी २२० ते २४० घेतात, पण विदर्भाच्या मे महिन्यात ते जाड कापड अंगावर नकोसे होते. दुसरी, सूत कोम्ब्ड, म्हणजे विंचरून आखूड तंतू काढलेले, आहे का. तिसरी, कापडाला बायोवॉश दिला आहे का, कारण एन्झाइमच्या त्या धुण्याने वरचे बारीक तंतू निघून जातात आणि पृष्ठभाग लवकर गोळे धरत नाही. गळपट्टीच्या रिबमध्ये (उभ्या रेघांच्या विणीत) लायक्राचा ताणला जाणारा धागा नसेल, तर गळा काही दिवसांत सैल पडतो.

विक्रेत्याच्या शब्दापेक्षा आपली चाचणी भरवशाची असते. नमुन्याच्या टी-शर्टवर न पुसणाऱ्या मार्करने २५ सेंटिमीटरचा चौकोन आखावा, टी-शर्ट तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावा आणि चौकोन पुन्हा मोजावा. एखादी बाजू २४ सेंटिमीटर भरली, तर कापड त्या दिशेने ४ टक्के आटले. लांबीत याहून जास्त आटणारा माल परत करावा. त्याच वेळी बाजूची शिवण पाहावी. ती पोटाकडे फिरत आली असेल, तर कापड तिरके विणले किंवा तिरके बेतले गेले आहे आणि इस्त्रीने ते सुधारणार नाही. ही धुलाई आपल्या गावच्या पाण्यातच करावी. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याला फेस येत नाही, म्हणून कपडे ब्रशने घासले जातात आणि दगडावर आपटले जातात. शहरातल्या मशीनमध्ये टिकणारी छपाई त्या ब्रशखाली टिकते का, हे ग्राहकाच्या आधी आपल्याला कळले पाहिजे.

छपाई

सुरुवातीला डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) हा मार्ग सर्वांत सोयीचा आहे. यात डिझाइन एका विशेष फिल्मवर छापून त्यामागे चिकट पावडर वितळवलेली असते, आणि ती फिल्म हीट प्रेसखाली दाबली की चित्र कापडावर उतरते. छापलेली फिल्म मीटरच्या भावाने मिळते, त्यामुळे एकाच तुकड्यात छातीवरचे मोठे चित्र, बाहीवरची लहान खूण आणि गळ्यातले लेबल असे सगळे दाटीवाटीने बसवून पैसे वाचवता येतात. घरी फक्त प्रेस लागते. पंधरा बाय पंधरा इंचांची साधी प्रेस दीड ते दोन किलोवॅट वीज ओढते, तेव्हा १६ अँपिअरचा प्लग आणि पक्के अर्थिंग असल्याशिवाय ती लावू नये.

दाबण्याआधी कोरा टी-शर्ट पाच सेकंद रिकामाच दाबून त्यातला ओलावा काढावा, मग साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअसवर दहा ते पंधरा सेकंद फिल्म दाबावी, फिल्मच्या प्रकारानुसार ती गरम असताना किंवा थंड झाल्यावर सोलावी आणि वर टेफ्लॉनचा कागद ठेवून पुन्हा एकदा दाबावे. व्होल्टेज कमी असताना प्रेसचा तापणारा पाट हळूहळू तापतो. शिवाय स्वस्त प्रेसचे कोपरे मधल्या भागापेक्षा थंड राहतात. धुतल्यावर चित्राचे कोपरेच उचलले गेले, तर दोष बहुधा इथे असतो. आणखी एक बाब विदर्भाला लागू पडते: उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतो आणि त्याच्या दमट हवेत फिल्म ओलावा धरते. फिल्म हवाबंद डब्यात ठेवावी आणि काम कूलर नसलेल्या खोलीत, सकाळी लवकर उरकावे.

एकाच डिझाइनचे तीस-चाळीस नग आणि रंग एक-दोन असतील, तर स्क्रीन प्रिंटिंग स्वस्त पडते आणि कापडावर हाताला जास्त चांगले लागते. त्यात शाई जाळीतून कापडावर उतरते आणि प्रत्येक रंगासाठी जाळीची वेगळी चौकट करावी लागते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पाण्यावर आधारित शाई जाळीतच वाळून छिद्रे बुजतात, म्हणून प्रत्येक छापानंतर जाळीवर शाईचा पातळ थर ओढून ठेवावा आणि मध्येच चहाला उठू नये. छाप वाळला म्हणजे पक्का झाला असे नव्हे. बाइंडर आणि फिक्सर (रंग कापडाला धरून ठेवणारी द्रव्ये) घातलेली शाई उष्णता मिळाल्यावरच धुण्याला टिकते. सब्लिमेशन, म्हणजे कागदावर छापलेली शाई उष्णतेने तंतूंत उतरवणे, फक्त फिकट पॉलिस्टरवर चालते, सुती कापडावर नाही. पोलीस भरतीच्या पोरांचे ड्राय-फिट टी-शर्ट मात्र त्याच पद्धतीने करावेत.

मजकूर मराठी असेल, तर एक तपासणी कधीही चुकवू नये. डिझाइनची फाइल छपाईवाल्याच्या संगणकावर उघडली की फॉन्ट बदलतो आणि जोडाक्षरे फुटतात. ‘वऱ्हाड’ आणि ‘पऱ्हाटी’ यांतला अर्धा र सर्वांत आधी बळी पडतो आणि त्याच्या जागी रफार येतो. फाइल देण्यापूर्वी अक्षरांचे आउटलाइनमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या रेषांत, रूपांतर करावे आणि पीडीएफ फोनवर मोठी करून एकेक अक्षर वाचावे. मुक्ता आणि बलू यांसारखे मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट व्यापारासाठीही विनामूल्य वापरता येतात.

काय छापावे

वऱ्हाडी बोलीतली ओळ छातीवर पाहून माणूस हसतो, पण हसणारा प्रत्येक जण विकत घेत नाही. ‘काय करून रायला बे’ कॉलेजच्या मुलाला चालते. झेडपीच्या शाळेतले गुरुजी तेच घालून बाजारात जाणार नाहीत. ‘ऊन लयच तापून रायलं’ मात्र दोघांनाही चालू शकते. झाडीपट्टीची नाटके, शंकरपट, तान्हा पोळा, रोडगे आणि तर्री-पोहे यांत अजून कितीतरी न वापरलेला ऐवज आहे. चित्रपटांचे संवाद, क्रिकेट संघांची चिन्हे आणि इंटरनेटवरून उचललेली चित्रे वापरू नयेत. महापुरुषांच्या चित्रांबाबतही मूळ चित्रकाराचा किंवा छायाचित्रकाराचा हक्क असू शकतो, म्हणून गावातल्या एखाद्या चित्रकाराकडून नवे चित्र पैसे देऊन काढून घ्यावे आणि त्याची दोन ओळींची लेखी परवानगी ठेवावी. भारताच्या राजमुद्रेच्या (अशोकस्तंभाच्या सिंहांच्या चिन्हाच्या) अशा वापराला २००५ च्या कायद्याने बंदी घातली आहे.

कागदपत्रे

लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आधार आणि पॅनवर विनाशुल्क होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. महाराष्ट्रातच माल विकत असाल, तर वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. परंतु राज्याबाहेर विक्री करायची असेल, तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते, म्हणजे वरूडहून पांढुर्ण्याला किंवा गोंदियाहून राजनांदगावला पाठवलेला एक टी-शर्टसुद्धा या नियमात येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के कर आहे. ब्रँडचे नाव ट्रेडमार्कच्या वर्ग २५ मध्ये (कपड्यांच्या वर्गात) आधी शोधून पाहावे. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, आणि पहिली दोन-तीन डिझाइन खपेपर्यंत ते थांबले तरी चालते. बंद पाकिटावर आपले नाव-पत्ता, साइज, सर्व करांसह कमाल किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापावा. प्रेससाठी कर्ज हवे असेल, तर मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत मिळते, आणि बचत गटातल्या महिलांनी उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) तालुका कार्यालयात चौकशी करावी.

पाठवणे आणि बदलून देणे

खासगी कुरिअर अनेक खेड्यांच्या पिनकोडला पोहोचत नाही, पोस्ट पोहोचते; म्हणून दोन्हींचे दर लिहून ठेवावेत. कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला ठेवूच नये, कारण परत आलेल्या पाकिटाचे जाण्याचे आणि येण्याचे असे दोन्ही भाडे आपल्यावर पडते. साइज चुकल्यास न धुतलेला टी-शर्ट सात दिवसांत बदलून मिळेल, येण्याचे भाडे ग्राहकाचे आणि जाण्याचे आपले, असा नियम पाकिटातल्या चिठ्ठीवर छापावा. बदलण्यासाठी प्रत्येक डिझाइनचा एम आणि एल यांचा एकेक नग बाजूला ठेवावा, आणि बदलाची प्रत्येक नोंद, कोणत्या साइजऐवजी कोणती मागितली यासह, विक्रीच्याच वहीत करावी; त्या नोंदींवरूनच पुढच्या वेळी कोणती साइज किती मागवायची ते ठरेल.