क्राउन-पिनियन बदललं, डिझेल वाचलं

माझ्या जुन्या फोर बाय फोर जीपला 5.38 चं क्राउन-पिनियन (चाकं फिरवणारी शेवटची गिअरजोडी) होतं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 5.38 फेरे. चिखलात झकास, पण हायवेवर साठलाच इंजिन बोंबलायचं. 4.88 चा जोड टाकला, त्याच वेगाला इंजिनचे फेरे नऊ टक्क्यांनी उतरले. पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलला रेशो (हाच आकडा) एकच हवा, नाहीतर फोर व्हीलमध्ये शाफ्टवर भयंकर ताण येतो. मिस्त्रीने दातांना रंग लावून, खूण मधोमध येईपर्यंत शिम (पातळ चकत्या) बदलले. एवढी चिकाटी असलेलाच मिस्त्री गाठा. शिवाय फ्री व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून सुटी करणारे) बसवले, टू व्हीलमध्ये पुढचा शाफ्ट फुकट फिरत नाही. अ‍ॅव्हरेज काढताना सांभाळा: मीटरची केबल ट्रान्सफर केसवरून (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणारी पेटी) येते आणि शाफ्ट आता कमी फिरतो, त्यामुळे किलोमीटर आता कमी दिसतात. आकड्याला 1.1 ने गुणा. चढावर मात्र खालचा गिअर जरा लवकर टाकावा लागतो.