अडुळशाचा काढा दम्यावर लागू पडतोय का, घरच्या घरी कसं तपासायचं

आमच्या गावच्या घराच्या कुंपणाला सगळा अडुळसाच आहे, शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून आजोबांनी लावलेला. त्यामुळे खोकला झाला की काढा हे ठरलेलं, आणि मला दमा निघाल्यावर आईने तोच काढा दम्यावर पण सुरू केला. चार दिवसांनी विचारायची, बरं वाटतंय ना? मी म्हणायचो हो. खरी गोची इथेच आहे, कारण दमा स्वतःहूनच वरखाली होत असतो आणि आपण औषध नेमकं सगळ्यात जास्त त्रास असतो तेव्हा सुरू करतो, मग तो चार दिवसांत उतरला की श्रेय काढ्याला. साध्या सर्दीचा खोकला पण दोन-तीन आठवड्यांत काही न करता जातो. कोजागिरीला दुधातून दम्याचं औषध देतात त्याचंही मला असंच वाटतं, पावसाळा संपून भिंती वाळायला लागलेल्या असतात, नेमकं त्याच वेळी औषध पोटात जातं.

तर आधी एक गोष्ट पक्की करा, डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर चालूच ठेवायचा. काढा त्याच्या जोडीला तपासायचा, त्याच्या जागी नाही. रोजचा प्रिव्हेंटर, म्हणजे दमा उठू नये म्हणून घ्यायचा इन्हेलर, बंद केला तरी सुरुवातीला काही दिवस बरं चाललेलं असतं, त्याचा असर हळूहळू उतरतो, आणि तेवढ्यात माणूस म्हणतो बघा काढ्यावर भागतंय. मग एका रात्री अॅडमिट.

दुसरं, खोकला आणि दमा वेगवेगळे मोजायचे. संस्कृतात अडुळशाचा एक श्लोक आहे, वासा म्हणजे अडुळसा असताना रक्तपित्तवाल्याने, क्षयवाल्याने आणि खोकलेवाल्याने खचायचं कशाला, असा. नीट बघा, त्यात कासी म्हणजे खोकलेवाला आहे, श्वासी म्हणजे दमेकरी नाही! आणि अडुळशातल्या व्हॅसिसिन नावाच्या घटकावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन आणि अँब्रोक्सॉल आले, जे आज कफ सिरपच्या बाटलीवर लिहिलेले असतात, आणि ती दोन्ही कफ पातळ करणारी औषधं आहेत, दम्याची नाहीत.

दमा मोजायला पीक फ्लो मीटर लागतो, आपण श्वास किती जोरात बाहेर फेकतो ते तो दाखवतो, मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मिळतो, साधी प्लास्टिकची नळी असते. काटा शून्यावर आणायचा, उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एकाच झटक्यात जोरात फुंकायचं, मेणबत्ती विझवल्यासारखं. तीनदा करून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, सरासरी नाही. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, इन्हेलर घ्यायच्या आधी. सकाळचा आकडा कमीच येतो, घाबरू नका. आणि हो, कालचा आकडा झाकून ठेवा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा काल ३४० आला म्हणून आज तेवढा येईपर्यंत फुंकत बसलो होतो, पाचव्यांदा आला, आणि तेच वहीत लिहिलं, म्हणजे ती वही फुकट गेली.

वहीत आणखी तीन रकाने करा, रात्री किती वेळा जाग आली, खोकल्याला दहापैकी किती, आणि निळा रिलीव्हर, म्हणजे त्रास झाला की ओढायचा पंप, किती पफ लागला. त्या दिवशी घरात रंगकाम, फोडणीचा ठसका, शेजारी पेटवलेला पाचोळा असं काही असेल तर तेही.

पहिले दोन आठवडे काढा नाही, फक्त नोंद. मग दोन आठवडे काढा, पानं मोजून, पाणी मोजून, रोज एकाच वेळी, किती घ्यायचा ते वैद्यांना विचारून. परत दोन आठवडे बंद, परत दोन चालू. एका वेळी एकच बदल, नाहीतर काढा, वाफ, ओवा, हळदीचं दूध सगळं एकदम केलं तर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. चव इतकी कडू की फसवून दुसरा काढा देणं जमत नाही, त्यामुळे मनाचा परिणाम पूर्ण निघत नाही, पण दोन्ही वेळा काढा चालू असताना आकडा चढला आणि बंद असताना उतरला तर निदान काहीतरी हाताला लागतं.

काही जणांनी हा प्रयोग करूच नये. गरोदर बाईला अडुळसा नको, गर्भाशयावर परिणाम होऊ शकतो. काढ्यात किंवा जोडीला आणखी काही घेत असाल तर तेही बघा. बीपी असेल तर रोज ज्येष्ठमध नको. डायबेटिस असेल तर खोकल्याचं सितोपलादी चूर्ण जपून, त्यात खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलची, दालचिनी हे प्रमाण १६:८:४:२:१ असतं, म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच. दम्यासाठी थिओफिलिनची गोळी चालू असेल तर पिंपळी-मिरीने तिचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही.

आणि बिनलेबलची पुडी दोन दिवसांत जादू करते म्हणून कोणी देत असेल तर जास्त सावध व्हा, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. भूक वाढते, तोंड सुजल्यासारखं गोल होतं, शुगर चढते, आणि पीक फ्लो मात्र मस्त येतो! शंका आली तर पुडीच डॉक्टरांकडे न्या, स्वतःहून एकदम बंद करू नका, बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड अचानक तोडलं तर वेगळाच घोळ होतो. दमा मुळापासून बरा करतो असं लेबलवर छापायला तर औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये बंदीच आहे.

आकडा तुमच्या स्वतःच्या सगळ्यात चांगल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली राहायला लागला तर प्रयोग थांबवून डॉक्टरांना फोन. ५० च्या खाली, किंवा वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळे पडतायत, रिलीव्हरने फरक नाही, तर वही बाजूला ठेवून रिलीव्हर घेत १०८ लावा. खोकला दोन आठवड्यांवर गेला किंवा थुंकीत रक्त आलं तर आधी टीबीची तपासणी, सरकारी दवाखान्यात फुकट होते.

माझ्या वहीत काय आलं? खोकल्याचे मार्क दोन्ही वेळा कमी झाले, कफ सुटायचा, झोप लागायची. पीक फ्लो जिथल्या तिथे. आईला दाखवलं तर म्हणाली, मग खोकल्यापुरता तरी घे, आणि तेवढाच घेतो आता, पंप शेजारी ठेवून.