मॉडेल रेल्वेचे धातूचे भाग वारंवार निखळतात? या चुका टाळा

एचओ स्केलच्या (१:८७) इंजिनावर बसवलेली पितळी शिट्टी दोन-चार फेऱ्यांतच रुळांवर पडली, की आपण गोंदाला दोष देतो आणि आणखी एक थेंब लावून मोकळे होतो. पहिली चूक इथेच होते.

निखळलेला भाग आधी भिंगाखाली धरा. गोंद सगळा प्लास्टिकवर राहिलाय आणि धातू लख्ख आहे? म्हणजे धातूवर तेलाचा किंवा बोटांचा चिकटा होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा, पुन्हा पुसा. गोंदाबरोबर रंगाचा पापुद्रा निघून आला असेल, तर गोंदाने त्याचं काम चोख केलं होतं, रंगानेच दगा दिला. तेवढ्या जागेपुरता रंग खरवडायलाच हवा. गोंद दोन्हीकडे राहून मधूनच तुटला असेल, तरच गोंद बदलायचा विचार करा.

प्लास्टिकचा सिमेंट गोंद धातूला लावू नका. तो पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलच्या बॉडीचं प्लास्टिक, विरघळवून जोडतो. पितळेत विरघळण्यासारखं काही नाही, त्यामुळे तो वरवर धरल्यासारखा वाटतो आणि सुटतो.

सुपरग्लू काही सेकंदांत धरतो, पण वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो. सरळ ओढ सोसतो, आडवा धक्का नाही. इंजिन उचलताना बोट नेमकं हॅन्डरेललाच, म्हणजे बाजूच्या तारेच्या कठड्यालाच लागतं! शिवाय उष्णतेने पॉलिस्टायरीन पितळेच्या तिप्पट-चौपट प्रसरण पावतं. लांब हॅन्डरेल दोन्ही टोकांना घट्ट चिकटवला, तर तो ताण सांध्यावरच येतो. म्हणून एकाच टोकाला गोंद लावा, दुसरं भोकात मोकळं राहू द्या. ०.४ मिमी तारेसाठी ०.५ मिमीचं भोक पिन व्हाइसने, म्हणजे बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलने पाडा. सपाट पृष्ठभागावर टेकवलेल्या तारेपेक्षा भोकात शिरलेली तार कितीतरी पक्की बसते.

सुपरग्लूच्या वाफेने माझ्या एका डब्याच्या सहा खिडक्या दुधाळ झाल्या, त्या शेवटी बदलाव्या लागल्या. तेव्हापासून खिडक्यांजवळ आणि नावाच्या पट्ट्यांना मी वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंदच लावतो. पट्टीवर भार नसतो, आणि पुढे ती काढायची झाली तर रंग वाचतो.

शिशासारखे जड ओतीव भाग, कपलरची (डबे जोडणाऱ्या आकड्याची) पेटी यांना एपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून वापरायचा गोंद हवा. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालू नका, त्याने मिश्रण कमजोर होतं. पाकिटावरच्या प्रमाणातच घ्या आणि टूथपिकने कडा खरवडत नीट घोटा. ‘५ मिनिटांचं’ म्हणजे हातात तेवढाच वेळ आहे. पूर्ण ताकदीसाठी २४ तास हात लावू नका.

चुकून सांडलेला सुपरग्लू काढायला ॲसिटोन घेऊ नका, पॉलिस्टायरीनची बॉडीच विरघळेल. आणि चाकांतून वीज घेणाऱ्या पट्ट्यांच्या जोडावर कुठलाच साधा गोंद नको, तो वीज अडवतो. तिथे सोल्डरच करा, तेही पट्टी बॉडीपासून सुटी करून.