उठताना अंधारी येते? आधी पावलं हलवा

पहाटे लघवीला उठताना आईला दोनदा भोवळ आली. दुसऱ्या वेळी कपाटाची कड हाताला लागली म्हणून वाचली. तेव्हापासून तिचा हा क्रम ठरलाय, आणि खरंच फरक पडलाय.

१. आडवं असतानाच पावलं २०-२५ वेळा वर-खाली करा, मुठी आवळा-सोडा.
२. कुशीवर वळून उठा आणि पाय खाली सोडून दोन मिनिटं बसा. घाई इथेच होते.
३. उशाशी तांब्या-भांडं ठेवा. बसल्या बसल्या थोडं पाणी प्या.
४. काहीतरी धरून उभं राहा, मिनिटभर थांबा, मग चाला.

तरीही अंधारी आलीच तर तिथेच खाली बसा. भिंत धरत पलंगापर्यंत जायचा हट्ट नको, माणूस पडतो तो त्या चार पावलांतच.

घरी बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं झोपून एकदा मोजा, मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तिन्ही आकडे वेळेसकट कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. नुसतं बसून मोजलं तर ही घसरण सहज निसटते.

बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर मनानेच मीठ-पाणी वाढवू नका, गोळीही बंद करू नका. शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा बोलणं अडखळलं तर थेट दवाखाना गाठा.